पेशंटचं नाव विचारायचं नाही

बद्रीनाथच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे त्याचं जुनं दुखणं. माणूस तसा वाईट नव्हता हो. बायको जाऊन सात वर्षं झालेली, लेक पुण्याला. चिकलठाण्याच्या एका खोलीत तो भिंतींशी किती बोलणार? खासगी अँब्युलन्स चालवायचा. संध्याकाळी काकासाहेबांच्या चहाच्या टपरीवर आला की चारजण सरकून जागा करायचे आणि विचारायचे, "आज कोण होतं गाडीत?" तेवढ्यापुरता तो कुणीतरी असायचा.

दोन वर्षांपूर्वी असंच त्यानं सांगून टाकलं. गंगापूरकडची अंबिका, वय बावीस, टीबी. नेमका तिच्या होणाऱ्या सासरचा माणूस तिथं चहा पीत होता. लग्न मोडलं. गावानं तिच्या घरी पाणी प्यायचं सोडलं. औषधानं बरी होत आलेली पोरगी, तिनं विहीर जवळ केली. बोललं कोण, हे कुणी शोधलं नाही. बद्रीनाथ मात्र त्या रात्री खोलीत एकटाच रडला.

पुढं मालकानं नियम कडक केले. कागदावर पेशंटचं नाव नाही, नुसता नंबर. आजार विचारायचा नाही. आणि ड्रायव्हरला स्वतःला काही निघालं तर आधी ऑफिसात कळवायचं. हा शेवटचा नियम बद्रीनाथ चार दिवसांपासून मोडत होता. खोकला हटेना म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दवाखान्यात त्यानं तपासणी करून घेतली होती. टीबीच निघाला. गोळ्या सुरू केल्या, धुळीची सबब सांगून तोंडाला मास्क बांधला, रिपोर्ट फाडून टाकला. नोकरीचं एक वेळ सोडा. टपरीवरची ती जागा गेली तर तो जाणार कुठं?

एप्रिलातली भरदुपार. कॉल आला, गंगापूरच्या अलीकडच्या फाट्यावरून एक पेशंट आणायचा. नाव नव्हतं, याचं त्याला बरंच वाटलं. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. ओढणीनं तोंड बांधलेली एक बाई तेवढी उन्हात उभी होती.

"सोबत कोण हाय?"

"कुणी नाय."

ती आपली आपण चढून स्ट्रेचरवर आडवी झाली. बद्रीनाथनं मधली काच घट्ट लावून घेतली.

रस्ता रिकामा होता. दोन्हीकडं कपाशीची उघडी रानं. जरा वेळानं गाडीत शेवाळाचा वास आला, ओल्या दगडाचा, आणि मागं कुठंतरी थेंब पडू लागले. एसी गळत असेल, असं तो मनाशी म्हणाला.

"भाऊ..." काच बंद होती, तरी आवाज कानाशीच आला. "बोला की काही..."

"पेशंटशी बोलायचं नसतं, ताई. नियम हाय."

"व्हय?... आधी तर लई बोलायचे तुम्ही."

आरशात बघायची त्याची छाती झाली नाही.

"शेवटी शेवटी माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं... आई ताट दाराशी सरकवायची."

"अंबिका... पोरी, चुकलं माझं." तो समोर बघतच म्हणाला. "पदरात घे. पण माझं कुणाला सांगू नको."

"काय सांगू नको, भाऊ?..."

आणि काय सांगावं, चार दिवसांचं सगळं बद्रीनाथच्या तोंडून बाहेर आलं. दवाखाना, गोळ्या, फाडलेला रिपोर्ट. शहर येईपर्यंत तो बोलतच होता. किती दिवसांनी कुणीतरी ऐकत होतं! मागून हूं की चूं आलं नाही.

साडेतीनला दवाखान्यात दार उघडलं तर स्ट्रेचर रिकामं होतं. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

तो तडक टपरीवर आला. त्याला माणसं हवी होती. पण आज कुणी सरकलं नाही, कुणी काही विचारलं नाही. काकासाहेबांनी कागदी कपात चहा ओतला आणि फळीच्या पार कडेला ठेवला. बाकीच्यांच्या हातात काचेचे ग्लास होते.

"राग मानू नका, बद्रीभाऊ," ते खाली बघत म्हणाले. "पोराबाळांची माणसं येतात इथं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" त्याला आपला आवाज ओळखू येईना. "ती आली होती का? ओढणीवाली?"

"व्हय, आली होती की, तीनच्या सुमाराला." काकासाहेब गोंधळले. "तुमच्यासंगंच. तुम्ही इथंच बसून सगळं सांगितलं, दवाखाना, रिपोर्ट... तिनं बिचारीनं एक शब्द काढला नाय."