उज्ज्वलाची स्वच्छ नोंद

उज्ज्वला मगदूम कशाने गेली, ते तिचे दिवस झाल्यावर चौथ्या दिवशी, फुप्फुसाच्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा कळले.

"कबुतरांमुळे," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "विष्ठेची आणि पिसांची धूळ. शरीर त्या धुळीला शत्रू समजून लढत राहिलं, आणि त्यात फुप्फुसंच कडक झाली. वेळेत लांब ठेवलं असतं, तर बहुतेक वाचल्या असत्या."

बाजीराव तिचे नवरे. मिरजेत तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर त्यांची ढाबळ होती, साठ कबुतरांची.

"आम्हाला आधीही शंका होती, काका. पण ही नोंद बघा."

खोकल्याच्या रुग्णाला आता श्वासपट्टी देतात. नखाएवढी चकती पदराला लावायची. कुठली धूळ श्वासात जाते, ते ती मोजते. उज्ज्वलाच्या आठ महिन्यांच्या नोंदीत कबुतर जवळजवळ नव्हतेच.

बाजीरावांना कारण माहीत होते. चकती हिरवी लुकलुकायची. उडवलेली पाखरे वरून ते बघत आणि उतरायची नाहीत. स्पर्धा जवळ आली होती, आणि तिथे पाखरू आपल्याच गच्चीवर उतरले तरच त्याचे तास धरतात.

"ती लुकलुक खाली ठेवून ये," ते म्हणाले होते. "पाखरं बुजतात."

"आठ तास हवेत राहणारी पाखरं तुमची, आणि एका दिव्याला भितात?" ती हसली होती. पण ऐकले. रोज दोन वेळा दाणे टाकायला, ढाबळ झाडायला ती वर जाई. चकती तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिळ्याला असे.

"वर जाताना पट्टी अंगावर असायची ना?" डॉक्टरांनी विचारले.

"असायची," बाजीराव म्हणाले. जिवंतपणीही तिच्या वतीने त्यांनी हेच सांगितले होते.

डॉक्टरांनी मान हलवली. "मग कोडंच आहे. ही नोंद सगळ्या दवाखान्यांच्या संगणकाला शिकवायला गेलीय. अशी फुप्फुसं दिसली, तर कबुतरं कारण नाहीत, असं तो आता सांगतो. पट्टीची नोंद चुकीची ठरल्याशिवाय ती काढता येत नाही. मालगावात एक बाई आहे. नवरा पाखरं उडवतो. तिलाही तेच सांगितलंय."

"किती वयाची?"

"चौतीस."

घरी येऊन बाजीरावांनी नाकाला पंचा बांधला आणि ढाबळ उघडली. पाखरे उडाली, घिरट्या घालून परत आली. कुणाला देऊन टाकली असती, तरी ती परतच आली असती. खाली बसून त्यांनी डॉक्टरांचा नंबर काढला. काय सांगायचे, ते एकच वाक्य होते.

त्याला आज नऊ दिवस झाले. फोन केलेला नाही.