बाबांचा ड्यूटी-चार्ट

शोकसभा चार वाजता होती आणि सकाळचे अकरा वाजले तरी चार्टबाईचा कागद कोराच होता.

एका पानाचं तर काम. माजी सैनिक संघटनेच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं होतं, "वडिलांचं आयुष्य थोडक्यात लिहून आणा. लढाई, नोकरी, संसार. पाच मिनिटांत वाचून व्हावं एवढंच." एक्क्याण्णव वर्षं पाच मिनिटांत! बरं, आठवणींची चणचण होती म्हणावं तर तेही नाही. आठ दिवस घरी माणसांची रीघ लागली होती आणि जो तो जाताना बाबांची एक गोष्ट तिच्या पदरात टाकून गेला होता.

डोकं चालेनासं झालं तेव्हा बस डेपोत तीस वर्षं जे केलं तेच तिनं केलं. चौकटींचा मोठा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, वर्षं आणि महिने आखले आणि एकेक आठवण तिच्या तारखेच्या चौकटीत बसवायला घेतली. डेपोत तिला चार्टबाई म्हणत ते काही उगाच नाही. तीनशे ड्रायव्हर, दोनशे गाड्या आणि नियम एकच. एका ड्रायव्हरचा बिल्ला-नंबर एका वेळी दोन चौकटींत दिसता कामा नये. दिसला, तर चूक चार्ट करणाऱ्याची.

सुरुवात सोपी होती. बाबा लढाईत टेलिफोनची तार टाकायचे. नदीपलीकडे तार न्यायला गेले आणि एकोणीस दिवस बेपत्ता झाले. घरी तसं पत्रही आलं. मग परतले, टेलिफोन खात्यात लागले, दोन मुलं वाढवली. काही दिवस पोरांना खांद्यावर घेऊन शिट्टी वाजवत फिरायचे. काही दिवस मागच्या पायरीवर बसून राहायचे, हाक मारली तरी बघायचे नाहीत. अशा वेळी आई म्हणायची, "आज साहेब आघाडीवर आहेत. दंगा करू नका." घरातला हा जुना विनोद. लढाई पाहिलेला माणूस, चालायचंच.

पहिली अडचण मावशीच्या छपराची निघाली. वादळात छप्पर उडालं तेव्हा बाबा म्हणे दिवसभर वर बसून खिळे ठोकत होते. शेजारचे मास्तर शपथेवर सांगत होते की त्याच वादळात बाबा दिवसभर त्यांच्या दाराला पाठ लावून उभे होते. चार्टबाईला हसू आलं. मावशीला काल काय खाल्लं ते आठवत नाही. तिनं पेन्सिलीनं गोल केला आणि पुढे गेली.

बारा वाजेपर्यंत असे अकरा गोल झाले.

बारावा तिचा स्वतःचा होता. त्या दिवशी ती नवऱ्याचं घर सोडून एक सुटकेस घेऊन परक्या गावाच्या स्टँडवर बसली होती. कोणालाही कळवलं नव्हतं. दुपारी बाबा समोर येऊन उभे राहिले, सुटकेस उचलली आणि म्हणाले, "चल, घरी." का, कशासाठी, काही विचारलं नाही. पुढचं सगळं आयुष्य तिनं त्या दोन शब्दांवर काढलं होतं. त्या दिवसाचं परतीचं तिकीट अजून तिच्या पाकिटात होतं.

दादा तिच्या खांद्यावरून बघत होता. "ही तारीख चुकली गं. त्या दिवशी तर माझं ऑपरेशन. बाबा सकाळपासून हॉस्पिटलात होते."

"तुझी काहीतरी गल्लत होतेय."

"गल्लत? पोट माझं फाडलं होतं!" त्यानं कपाटातून फाइलच आणली. संमतीचा कागद, बाबांची सही, वेळ साडेदहा. "आठवडाभर माझ्या उशाशी बसून शिट्टी वाजवत होते."

"आठवडाभर ते माझ्याजवळ होते, दादा."

दादानं तिच्याकडे पाहिलं. "दमलीयस तू. पड जरा." आणि तो हॉलवर खुर्च्या मांडायला निघून गेला.

हॉस्पिटलपासून त्या स्टँडपर्यंत बसनं सात तास. ती गाडी तिच्याच डेपोची होती, वेळापत्रक तिनंच बांधलं होतं.

तिनं नवा कागद घेतला. या वेळी एका माणसासाठी दोन ओळी आखल्या. शिट्टी वरच्या ओळीत, पायरी खालच्या ओळीत.

चार्ट बसला. एकही चौकट अडली नाही.

आई आतल्या खोलीत बाबांचे कपडे देऊन टाकायला वेगळे करत होती. बाबांच्या बुटांचे दोन जोड होते. एक तिनं कपड्यांच्या ढिगावर ठेवला. दुसरा, जो उन्हाळ्यातही ओला असायचा आणि ज्याला नदीच्या चिखलाचा वास यायचा, तो तिनं पुसून परत पलंगाखाली सरकवला.

"आई, लढाईवरून बाबा कधी आले?"

आईनं वर पाहिलं नाही. "मंगळवारी आले. पाणी तापवलं, जेवले, झोपले. शुक्रवारी दार वाजलं म्हणून उघडलं, तर परत हेच. तोच गणवेश, तशीच दाढी वाढलेली."

"मग?"

"मग काय? दोघंही लढाईतून आले होते गं. कोणाला बाहेर काढू? एक आले की दुसरे निघायचे."

"खरे कोणते?"

"ते विचारलं असतं, तर एकाला कायमचं जावं लागलं असतं."

चार्टबाई पलंगाच्या कडेला बसली. "मला आणायला आले ते?"

"ते कमी बोलायचे."

"आणि आता वारले ते?"

"शिट्टीवाले."

म्हणजे बाबा अजून होते. एक्क्याण्णव वर्षांचे, कुठेतरी. आणि आज हॉलभर माणसं त्यांना श्रद्धांजली वाहणार होती. मृत्यूचा दाखला तिनंच रांगेत उभं राहून आणला होता. आता त्यांना ना पेन्शन, ना दवाखाना, ना नाव.

"कुठे आहेत ते? आई, आठ दिवस झाले! जेवले असतील का?"

"घरात माणसं आहेत ना. गर्दी ओसरली की येतील."

बाहेर गाडी येऊन थांबली. दादानं दोनदा हॉर्न वाजवला. आई गुडघ्यांवर हात टेकवत उठली आणि तिनं लेकीच्या गालावरून बोटं फिरवली.

"आज काय रडायचं ते सगळ्यांसमोर रडून घे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला खांदा द्यायला कोणी येणार नाही. आपल्या दोघींनाच उचलावं लागेल."