शनिवारचं टायटॅनियम

फ्रीगंज बाजारातल्या एका हॉलबाहेर ‘सिक्के’ एवढंच वाचून मी आत शिरले. वाटलं, दिवाळीसाठी चांदीची नाणी मिळतील. आत नाण्यांचं प्रदर्शन होतं, आणि एका टेबलामागे बाह्या दुमडून उभा असलेला तो.

“हात पुढे करा,” म्हणत त्याने माझ्या तळहातावर एक निळं नाणं ठेवलं. इतकं हलकं...

“प्लास्टिक आहे?”

“टायटॅनियम. आणि रंग दिलेला नाही हं, वीज सोडली की धातूच असा निळा होतो.” तो हसला. “मी विहंग, दातांचा डॉक्टर. याचेच स्क्रू लोकांच्या जबड्यात बसवतो.”

“मी ऋता. माझे दात एकदम ठीक आहेत.”

“ते दिसतंय ना.”

या धातूवर ठसा उमटवताना भलेभले साचे झिजतात, हे तो इतकं जीव लावून सांगत होता की मी नाण्याकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघत राहिले. इतका मन लावून बोलणारा माणूस मी पाहिलाच नव्हता.

पुढचे चार महिने टावर चौकात पोहे-जलेबी झाली, नायोबियम-पॅलेडियम अशा धातूंच्या नाण्यांच्या गप्पा झाल्या. मला त्याच्याकडून जे ऐकायचं होतं, तेवढं मात्र राहिलं. मग एका शनिवारी तिथेच त्याने तेच निळं नाणं माझ्यापुढे धरलं.

“तुझ्यासाठी.”

“आज नको,” माझ्या तोंडून निघून गेलं. “शनिवारी आमच्याकडे लोखंड घेत नाहीत.”

त्याचा चेहरा पडला. “हे लोखंड नाहीये, ऋता. पण ठीक आहे... उद्या देतो.”

“उद्या देवासचे लोक येतायत. मला बघायला.”

त्याने नाणं टेबलावर ठेवलं. मग उठला, पोहेवाल्याच्या फ्रिजवरचं चुंबक उचललं आणि नाण्याला लावलं. नाणं टेबलावरून हललंही नाही.

“बघ. शनिमहाराजांचा याच्याशी काही संबंध नाही,” तो म्हणाला. “आणि माझ्याजवळचं सगळ्यात लाडकं नाणं मी कुणालाही देत फिरत नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता तरी घे ना यार...”

चुंबक परत घ्यायला आलेला पोहेवाला आमच्याकडेच बघत होता. मी नाणं मुठीत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने घरी फोन लावला.

“आई, देवासच्या लोकांना नको म्हणून कळव. उद्याचे पोहे मात्र कर... मुलगा मी घेऊन येतेय.”