वाचनालयातली घरघर

"परत सुरू करून बघ," समीक्षा म्हणाली.

"चार वेळा केलं," हाजरा म्हणाली आणि तिने टेबलावर डोकं टेकलं.

नाते गावच्या वाचनालयातला लॅपटॉप गेला आठवडाभर घरघरत होता. मे महिन्याच्या सुट्टीत गावातल्या लहान मुलांना विज्ञानाच्या फिल्म दाखवायचं काम हाजरा, समीक्षा आणि यशराज या तिघांनी अंगावर घेतलं होतं. पण स्पीकरमधून शब्दांपेक्षा घरघरच जास्त यायची आणि चिल्लीपिल्ली कंटाळून निघून जायची. तिघांनी माइक बंद केला, मोबाइल लांब ठेवले, सगळं करून झालं. शिवाय वाचनालयाचे चिटणीस सहदेवकाका म्हणाले होते, "तुम्हीच काहीतरी बिघडवलंत. उद्यापासून लॅपटॉप कपाटात."

हाजराने वैतागून चार्जर काढला. घरघर थांबली. परत लावला, तर पुन्हा सुरू.

"चार्जरच खराब आहे," यशराज म्हणाला.

"माझ्या घरी लावून बघू."

हाजराचं घर शेजारच्याच आळीत होतं. तिथे तोच चार्जर लावला, तर लॅपटॉप अगदी गप्प!

"म्हणजे दोष वाचनालयातल्या विजेत आहे," समीक्षा म्हणाली.

परत येऊन त्यांनी चार्जर लावला, तर घरघर पुन्हा सुरू. तेव्हा झाडलोट करणाऱ्या बनुबाई फरशी पुसत होत्या. मुलांचं बोलणं ऐकून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"इजेचं म्हनताय? त्या थंड पान्याच्या मशीनचा नळ चावतो मला. दोन महिनं सांगतंय. काका म्हनतात, तुझं हातच वलं असतात. कोन आयकतच नाय."

हाजरा मशीनकडे वळली. त्या नळावर रोज लहान मुलं पाणी प्यायची.

यशराजने कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून मशीनचं बटण बंद केलं. त्या क्षणी लॅपटॉपची घरघर थांबली.

हाजराने हाशिमचाचाला फोन लावला. तिचा हा चाचा वायरमन होता.

"मेन स्विच बंद करा," तो म्हणाला. "मी वीर स्टेशनवर आहे, निघालोच. भिंतीवरून अर्थिंगची तार जमिनीत कुठे जाते ते बघून ठेवा. लांबून. हात लावायचा नाही."

मेन बंद करून तिघं मागच्या बाजूला गेले. करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडले, घामाने ते चुरचुरू लागले. शेवटी भिंतीवरून उतरणारी जाड तार दिसली. नव्या पेव्हर ब्लॉकांच्या वीतभर वर ती कापलेली होती.

हाशिमचाचाने येऊन सगळं तपासलं. "मशीनमधून वीज गळतेय. ती या तारेने जमिनीत जायला हवी होती. वाट बंद झाली, म्हणून ती नळात आली आणि सॉकेटमधून तुमच्या लॅपटॉपमध्येही. घरघर तिचीच."

तेवढ्यात सहदेवकाका तणतणत आले. "मेन कोणी बंद केला?"

हाशिमचाचाने बोटाने तार दाखवली. काका पायरीवर बसले.

"ब्लॉक टाकताना मध्ये येत होती," ते हळू म्हणाले. "मीच गड्यांना म्हटलं, छाटा." त्यांनी कपाळ पुसलं. "पोरांनो, मोठं संकट टाळलंत. शाबास."

हाजराला वाटलं होतं, हे ऐकून फार आनंद होईल. पण आता फक्त पाय दुखत होते.

"काका, बनुमावशींनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

काका उठले. "चुकलं माझं, बनुबाई."

"व्हय, चुकलंच," बनुबाई म्हणाल्या आणि त्यांनी फडकं पिळलं.

दोन दिवसांत ब्लॉक उखडून नवं अर्थिंग झालं, मशीन दुरुस्तीला गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी देवमाशांची फिल्म लागली. आवाज इतका स्वच्छ होता की खोलीत कोणी हूं की चूं केलं नाही. हाजरा पुस्तकांच्या कपाटाला टेकून केव्हाच झोपली होती. आणि पहिल्या रांगेत, मुलांच्या मधोमध खुर्ची टाकून, बनुबाई बसल्या होत्या.