सहा डिश गप्प

"रामहरीकाका, सगळं संपलं. ताबडतोब या."

दसऱ्याची सकाळ. माती परीक्षण केंद्रातून निवृत्त झालेले रामहरी तुळजापूरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत पोचले, तेव्हा फोन करणारी संशोधक इरा स्क्रीनसमोर बसून रडत होती.

तिची धाकटी बहीण मैथिली सोलापूरला अतिदक्षता विभागात होती. फिटचे झटके थांबत नव्हते. तिच्या कातडीपासून इरानं सहा डिशमध्ये मेंदूतल्या मज्जापेशींसारख्या पेशी वाढवल्या होत्या. विजेचा बारीक धक्का दिला की त्या उसळायच्या अन् स्क्रीनवरची रेघ वर उडायची. दुपारी बारापर्यंत तीन औषधं त्यांच्यावर तपासून, ज्यानं ही उसळी शमेल त्याचं नाव डॉक्टरांना कळवायचं होतं. आणि आता धक्का देऊनही स्क्रीनवर सरळ रेघ!

"मेल्यात?"

"नाही. रंग टाकून पाहिला. जिवंत आहेत, पण गप्प."

"काल इथं कोण होतं?"

"मी, निकिता आणि आई. खंडेनवमीची मशिनची पूजा केली."

मदतनीस निकिता दारात उभी होती. "म्या डिशला हात न्हाय लावला, काका. नारळ म्याच फोडला, व्हय. पानी काकूंनी तांब्यात धरलं."

"प्यालं कोण?"

"कुणीच न्हाय. पर घासाया घेतला तवा तांब्या रिकामाच व्हता."

रामहरींनी नेहमीच्या पिशवीतून मातीतलं पालाश, म्हणजे पोटॅशियम, मोजायचं यंत्र काढलं. डिशमधला थेंब त्यावर टाकला. आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"पाचपट पालाश! पेशीच्या आत ते भरपूर असतं, बाहेर थोडं. त्या फरकावरच ती उसळते. बाहेर वाढलं की कितीही धक्के द्या, उपयोग नाही. अन् नारळपाण्यात पालाश ठासून भरलेलं असतं. न पिता तांब्या रिकामा कसा झाला?" ते कोपऱ्यातल्या स्टुलाकडं वळले. "वहिनी, तुम्हीच ओतलंत ना?"

इराची आई वनमालाबाई तिथं बसल्या होत्या. त्यांचा बांध फुटला.

"तीर्थ म्हणून घातलं हो! सगळं हळदकुंकू मशिनला. माझी पोर तर त्या डिशमध्ये होती. तिला कुणी काहीच दिलं नाही."

"आई, काय केलंस गं हे!"

इरानं एकेक डिश ताज्या द्रावणानं धुतली, पुन्हा धक्का दिला. पाच डिश रात्रभरच्या पालाशातून सावरल्या नाहीत, गप्पच राहिल्या. सहावीची रेघ उसळली.

पावणेबारा झाले होते. एका डिशवर एकच औषध तपासता येणार होतं. बाटल्या तीन होत्या.

"आई, तूच सांग. कोणतं?"

वनमालाबाईंनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मला नको विचारूस गं. आता मी कशालाच हात लावणार नाही."

इरानं डोळे पुसले आणि मधली बाटली उचलली.