थेमेलिनाने न उघडलेलं दार

तिकिटं काढलीत ना? मग जा खुशाल. मी कशाला अडवू? पण सेवास्ती, तू माझी भाची आणि हा तुझा नवरा, म्हणून जायच्या आधी ऐकून घ्या. मध्ये बोलायचं नाही.

माझी चुलत बहीण थेमेलिना. तिच्या मुलाने फ्लोरिडातून तिला अशाच मोठ्या चैनीच्या बोटीचं तिकीट पाठवलं. बेटं बघायची, खायचं, लोळायचं. जन्मात पहिल्यांदाच. बोट सुटायची कोसहून. आमच्या कालिम्नोसहून तिला आणि तिच्या बॅगेला कोसच्या धक्क्यावर पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"काळा झगा घालून निघालीस? लोक म्हणतील, पाद्री आला," मी म्हणालो.

"तू बॅग उचल, म्हातारड्या. तुला कुणी मत विचारलंय?"

धक्क्यावर मात्र ती हळूच म्हणाली, "नोमिकोस, मला बेटं नकोत रे. ही बोट शनिवारी रात्री लेविथाजवळून जाते. म्हणून चाललेय."

मी बॅग खाली ठेवली. लेविथा बेटापाशीच तिचा नवरा साकेलारिस आमच्या बोटीवरून समुद्रतळाचे स्पंज काढायला खाली गेला होता. दोरी रिकामी वर आली. हाडं नाहीत, थडगं नाही. ईस्टरनंतरच्या पेंटेकोस्ट सणाच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे घरोघरी मेलेल्यांच्या नावाने गहू शिजतात. थेमेलिनाने त्याच्या नावाने कधी शिजवले नाहीत. "एकदा त्याला डोळ्यांनी बघेन, मग शिजवीन," म्हणायची. तोच शनिवार त्या बोटीवर आला.

पुढचं तिने मला सांगितलं तसं सांगतो. एक अक्षर माझं नाही.

खोली दोघांची, पलंग दोघांचा. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेले, चोचीला चोच लावून. तिने एक उलगडून टाकला. जेवायलाही दोघांचंच टेबल. वाढपी रोज विचारायचा, "साहेब येतायत का?" ती म्हणायची, "बघू." आजूबाजूला सगळी जोडपी, खिदळणारी. तिच्याशी बोलणारा तो वाढपी एकटा.

शनिवारी ती जेवण अर्धं टाकून खोलीत आली. दिवा मालवला. समुद्राकडे काचेचं दार, त्याबाहेर एका खुर्चीपुरता सज्जा. पाणी कितीतरी खाली, चर्चच्या मनोऱ्यात घंटेपाशी उभं राहून अंगण बघावं तसं. लेविथाच्या दीपस्तंभाचा दिवा दिसला. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली.

काचेवर थाप पडली.

एक.

समुद्राकडून.

ती उठली. कडीवर हात ठेवला. आणि थांबली...

आता तुम्ही शहाणे हसाल. आमच्या बेटावर रात्री पहिल्या थापेला कुणी दार उघडत नाही. मेलेला एकदाच ठोठावतो. जिवंत माणूस पुन्हा ठोठावतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात आपोआप थांबतो.

दुसरी थाप...

नाही.

काचेपलीकडे कुणी उभं होतं. काळोखाहून काळं. तेही थांबलेलं. तिच्यासारखंच.

मग... नव्हतं.

"पण मामा, इतकी वर्षं वाट बघितली, आणि उघडलं नाही?"

मध्ये बोलू नको म्हटलं होतं ना, सेवास्ती? मीही हेच विचारलं तिला. म्हणाली, "त्याच्यासाठीच तर गेले होते रे. आणि हात सवयीने थांबला." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. गहू अजून शिजवलेले नाहीत तिने.

सहल संपली, तिला आणायला मी कोसला गेलो. तिने प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. "रविवारी पहाटे सज्ज्यात पडलं होतं," एवढंच बोलली.

आत स्पंज. काळाभोर, कातडीसकट. यांच्यातच माझं आयुष्य गेलं, मला कुणी शिकवू नये. पाण्याबाहेर काढलेला ताजा स्पंज दाबला की पांढरं दूध सुटतं, ते तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी वासाने जवळ उभं राहवत नाही. हा कितीतरी दिवस पिशवीत बांधून होता. वास नुसता समुद्राचा. बुडाशी चाकूचा काप, उलट्या अंगाने चढत गेलेला. आमच्या बोटीवर डावखुरा एकच होता.

मी दाबला...

दूध माझ्या मनगटावरून ओघळलं.