चार वाजताचे विचलन

मला हवा असलेला खंड टेबलावर होता, पण खंडाच्या रूपात नव्हता. पुठ्ठे एका बाजूला, पाठीवरचा सरस खरवडून काढलेला, आणि आठशे पानांचे सुटे फर्मे, म्हणजे एकत्र शिवायचे गठ्ठे, ओळीने मांडलेले. त्या पसाऱ्यामागे ग्रंथालयाचा बाइंडर सुईत दोरा ओवत उभा होता.

"मला तीनशे बारा ते तीनशे चाळीस ही पानं हवी आहेत," मी म्हटले. "आजच."

"पानं आहेत. पुस्तक नाहीये."

"मला पानंच वाचायची आहेत."

"सगळे असंच म्हणतात. चार पानं घेऊन जातात, आणि पुस्तक जन्मभर लंगडं." त्याने पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवले. "इथं बसून वाचा, शास्त्रज्ञबाई. मी तोवर दुसरा फर्मा शिवतो."

मी शास्त्रज्ञ आहे हे त्याला कसे कळले, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. त्याच्या बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती, आणि मी ती बोटे पाहत होते.

माझे काम थोडक्यात सांगते. संस्थेच्या तळघरात केसाहून बारीक तारेला एक दांडी टांगली आहे. दांडीच्या टोकांना दोन लहान गोळे, त्यांच्याजवळ शिशाचे दोन जड गोळे. जड गोळे लहानांना ओढतात, दांडी किंचित वळते, तिच्यावरच्या आरशातून पडणारा प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकतो. त्या सरकण्यातून एक आकडा मिळतो : विश्वातील कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना किती ओढतात. कोणी जवळून गेले तरी हे यंत्र बिघडते, म्हणून माझी खुर्चीसुद्धा जमिनीला बोल्टने जखडलेली आहे.

आणि तरीही गेले काही आठवडे, दुपारी चार वाजून गेले की ठिपका पाव मिलिमीटर बाजूला होई. पावणेपाचला मुकाट्याने परत येई. मी तापमान तपासले, लिफ्ट तपासली, पाण्याचा पंप तपासला. रविवारी मात्र काही होत नसे. विश्वाला साप्ताहिक सुट्टी नसते. तेव्हा कारण माणसाचे होते, एवढे उघड होते. पण माणूस कुठे होता? तीन बाजूंच्या खोल्या मी स्वतः कुलूप लावून बंद केल्या होत्या. चौथ्या भिंतीपलीकडे, नकाशाप्रमाणे, माती होती.

"रविवारचं नंतर पाहू," आमचे विभागप्रमुख सर म्हणाले. "अस्पष्टीकृत विचलन म्हणून लिही, शोध तोच आहे. महिनाअखेरच्या शुक्रवारच्या टपालात शोधनिबंध जायला हवा." निबंध गेला तर माझे पद आणखी तीन वर्षे टिकणार होते. नाही तर दोन महिन्यांत संपणार होते.

त्या खंडाची उरलेली पाने वाचायला मी पाच आठवडे, दुपारच्या सुट्टीत, बाइंडरच्या खोलीत जात राहिले. एकोणतीस पाने वाचायला मला एरवी दोन तास लागतात.

"दोन वस्तू एकमेकींना ओढतात म्हणजे... मी आणि हा पुठ्ठासुद्धा?" त्याने एकदा विचारले. तो जे शिवे ते वाचत असे, अर्थात मधूनमधून आणि उलटसुलट.

"हो."

"तुम्ही आणि मी?"

"हो. पण अगदीच नगण्य. धुळीच्या एका कणाच्या वजनाएवढं."

"कण तर कण." त्याने दोरा दातांनी तोडला. "मध्ये भिंत आली तर?"

"भिंतीनं अडत नाही. कशानंच अडत नाही."

"का?"

"माहीत नाही."

"किती वर्षं शिकलात म्हणालात?"

"एकोणीस."

"एकोणीस वर्षं शिकून माहीत नाही?"

"त्याआधी मला माहीत आहे असं वाटायचं."

तो हसला नाही. माझ्याकडे पाहत राहिला — नेहमीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त — आणि मग उलटा लागलेला फर्मा उसवू लागला.

घरी आत्याने ताट माझ्यापुढे ठेवले आणि समोर बसली. "काय गं, यंत्र बिघडलंय की तू?"

"तेच शोधतेय."

"कोण आहे?"

"कोणी नाही, आत्या. एक कारण आहे, ते सापडत नाहीये."

"आमच्या वेळी त्याला कारण म्हणत नव्हते," ती म्हणाली, आणि भात वाढला.

निबंध जायच्या आठवड्यात, सोमवारी, बाइंडरच्या खोलीला कुलूप होते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस रजा, असे ग्रंथपालांनी सांगितले. त्या दुपारी चार वाजता ठिपका हलला नाही. मंगळवारी हलला नाही. बुधवारीही नाही.

मला वाईट वाटत होते. पण नेमके कशाचे, ते कळेना. विचलन नाहीसे झाले म्हणून? की कुलूप दिसले म्हणून? दोन्ही दुःखे एकाच वेळी सुरू झाली होती आणि एकाच दिशेने वाढत होती. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असे नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी बजावते. ते वाक्य आठवले, आणि मी जागीच थांबले : कुलूप आणि ठिपका यांच्यात खरेच तसे घडत असेल तर?

मी प्रयोगशाळेच्या दारापासून पावले मोजत निघाले. दोन जिने वर, अंगण ओलांडून ग्रंथालयात, तिथून वळणाचा जिना खाली, बाइंडरच्या खोलीपर्यंत. दोनशे चौदा पावले, सात वळणे. कागदावर मांडल्यावर दिसले की इतकी पायपीट करून मी जवळजवळ निघाले तिथेच पोचत होते. मध्ये होती चाळीस सेंटिमीटरची विटांची भिंत. आमचा नकाशा ग्रंथालयाच्या तळघरापेक्षा जुना होता. तारीख कोपऱ्यात स्पष्ट छापलेली होती. कोणत्याही आलेखावरची तारीख मी वाचल्यावाचून सोडत नाही. ही सोडली होती.

गुरुवारी तो परतला. मी खुर्चीवरून फोन केला.

"तुम्ही चार वाजता चहाला कुठं बसता?"

"भिंतीपाशी. का?"

"तिथंच बसा. मी सांगेन तसं मागे सरका. वजन किती?"

"अडुसष्ट. काही चुकलंय का माझं?"

"अजून ठरलेलं नाही."

ठिपका सरकला. मी त्याला अर्धा मीटर मागे जायला सांगितले, मग आणखी अर्धा. दर वेळी दांडी स्थिरावेपर्यंत थांबावे लागे, आणि फोन चालूच होता.

"आईंचा डोळा कसा आहे?"

"झकास. पट्टी निघाल्यावर पहिलं वाक्य — दाढी का नाही केलीस."

"दाढी वाढवली होती?"

"तीन दिवसांची. तुम्हाला दिसली असती तर... आता किती सरकू?"

शेवटचा बिंदू आलेखावर टाकला. अंतर वाढेल तसे विचलन नियमाबरहुकूम घटत होते. शंकेला जागा उरली नव्हती.

"चहा पिताना भिंतीला चिकटून कोण बसतं?" मी विचारले. "खिडकी पलीकडे आहे."



"वर हवेसाठी जाळी आहे," तो म्हणाला. "तुमचा आवाज येतो तिच्यातून. तुम्ही आकडे मोठ्यानं वाचता. मधेच यंत्राला रागावता. शहाण्यासारखं वाग, म्हणता."

"कधीपासून ऐकताय?"

"ते... नक्की नाही सांगता येणार."

"मला येईल. अकरा आठवडे. आणि आपली भेट पाच आठवड्यांपूर्वीची."

"तो खंड," तो हळूच म्हणाला, "त्याची शिलाई चांगली होती. तुम्ही मागितल्याची चिठ्ठी आली... म्हणून उसवला."

मला राग यायला हवा होता, आलाही. "तुमच्यामुळं माझी तीन वर्षं गेली," मी म्हटले, आणि निबंधाची, पदाची सगळी हकीकत सांगितली.

"मला काय ठाऊक, माझ्यानं यंत्र हलेल म्हणून? तुम्हीच म्हणालात, धुळीचा कण."

"तो कण मोजायलाच केलंय ते यंत्र."

गप्प राहणे शक्य होते. ती भिंत माझ्याखेरीज कोणी मोजणार नव्हते. असा विचार मी किती वेळ केला, तेही नोंदवते : वीस मिनिटे. मग सरांकडे गेले आणि आलेख त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा पाहिला. "हे हलवता येईल का?"

"माणूस आहे, सर."

"तेच. हलवता येईल?"

"विचारावं लागेल."

"शोध नसेल तर पद नाही. ते माझ्या हातात नाही."

"ठाऊक आहे. निबंध पाठवू नका."

"दोन महिने आहेत तुझे," ते म्हणाले. "निदान आकडा स्वच्छ काढ."

शुक्रवारी मी काही विचारण्याआधीच त्याचा निरोप आला होता : स्टूल पलीकडच्या भिंतीला नेले आहे, निश्चिंत असा. चार वाजले. ठिपका जागचा हलला नाही. अकरा आठवड्यांत प्रथमच तो पलीकडे असूनही यंत्र निर्दोष चालले होते, आणि मला मनापासून वाटत होते की त्याने हलावे. असे वाटणे कोणत्याही प्रयोगशाळेत गुन्हा आहे. मी उठले. मी उठताच त्या तासाचे मोजमाप वाया गेले. दोन जिने, अंगण, वळणाचा जिना.

तो खिडकीपाशी चहा ओतत होता. मला पाहून हात थबकला.

"अजून बिघडतंय का?"

"आत्ता बिघडलं. मी उठल्यामुळं."

"मग उठलात कशाला?"

 

"काही काम नाही," मी म्हटले. "म्हणजे... यायचं होतं. का, ते माहीत नाही."

"माहीत नाही तर नाही." त्याने स्टूल माझ्याकडे दिले, स्वतः पुस्तके दाबायच्या लोखंडी यंत्रावर टेकला, आणि चहाचा अर्धा भाग दुसऱ्या पेल्यात ओतला.  

आमच्यात साधारण पाऊण मीटर अंतर होते. मी ते मोजले नाही. स्टूल पुढे ओढले.